तिनं फक्त मेण मागितलं होतं

फाल्गुनात आमच्या भागातल्या एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि गुलाबाचा एवढा जाड हार, की तो गळ्यात असताना मान वळवता येईना. निवेदक तरुण होता, आवाज खणखणीत. तो म्हणाला, "रस्त्यावर पावरी वाजवणाऱ्या एका मुलीला ज्यांनी सूर दिला, ते आपले पेटीवाले मास्तर!" टाळ्या झाल्या. ती मुलगी माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी उठलो, हात जोडले आणि बसलो.

दोन वाक्यं बोलायची होती. माइक समोर होता. बोललो नाही.

आता तेच मंडळ स्मरणिका काढतंय. "मास्तर, तुम्ही तिला कसं घडवलंत ते लिहा," असं सांगून त्यांनी माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे. तर लिहितो. मी तिला घडवलं नाही. तिच्या आजानं बनवलेल्या पावरीचा आवाज मी माझ्या हातानं मारला, आणि पुढं जे उभं राहिलं ते तिनं एकटीनं उभं केलं. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. हे आत्ता लिहिलं नाही तर लोक खोटंच खरं मानून बसतील, आणि तिच्या वाट्याचं श्रेय माझ्या फोटोखाली राहील.

रविवार कारंजाकडून आत वळलं की एका बोळात माझं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक बाक, एक कपाट आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भजनी मंडळांच्या पेट्या. कुणाचा भाता फाटलेला, कुणाची पट्टी अडकलेली, बहुतेकांचे सूर उतरलेले. पेटीतला सूर म्हणजे पितळेची एक पातळ पट्टी. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. हे काम मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून करतोय. माझ्या उस्तादांनी घड्याळाच्या जुन्या स्प्रिंगपासून बनवलेलं एक बारीक पातं मला दिलं होतं. ते मी चष्म्याच्या जुन्या घरात घालून खिशात ठेवत असे. गावातले गवई म्हणायचे, मास्तरनं लावलेली पेटी डोळे मिटून घ्यावी. मला ते आवडायचं. उगाच का खोटं बोलू?

शेजारी बांगड्यांचं दुकान. तिथल्या वहिनींचे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. दुकान त्याच चालवतात आणि बोळही साधारण त्याच चालवतात. गेल्याच्या आदल्या पौषात एका संध्याकाळी त्यांच्या पायरीवरून एक आवाज यायला लागला. मी एका पेटीचा गंधार लावत बसलो होतो. बाहेरचा आवाज जाड, घोगरा आणि सतत थरथरणारा. दोन सूर एकदम, आणि दोघांत सुताएवढं अंतर. माझ्या कानात खडा गेल्यासारखं झालं. उठून बाहेर गेलो.

"वहिनी, हे कोण बसवलंय पायरीवर?"

"का? तुमच्या पेट्यांना ताप आला?"

"अहो, दोन नळ्या आहेत, दोन्ही वेगळं बोलताहेत. वाद्य धड लावलेलंसुद्धा नाही."

"मास्तर, ही पोर बसल्यापासून माझ्याकडं सात गिऱ्हाइकं आली. तुमच्या पेटीच्या कुईकुईनं तीस वर्षांत एक आलं नाही. आत जा, तुमचा गंधार वाट बघतोय."

पायरीवर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी बसली होती. अंगात कॉलेजचा पांढरा ड्रेस, पायात रबरी चपला, समोर ओढणी पसरलेली. हातात पावरी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि खालच्या टोकाला बैलाचं शिंग. नळ्यांच्या तोंडाशी, भोपळ्याच्या आत, बांबूच्याच कापलेल्या दोन बारीक जिभा असतात. फुंकर लागली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. म्हणजे तत्त्व माझ्या पेटीचंच. पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला.

मी आत जाऊन बसलो, पण काम होईना. मी गंधाराची पट्टी दाबून धरायचो, खरवडायचो, पुन्हा दाबायचो. थोड्या वेळानं लक्षात आलं, की बाहेरची पावरी माझ्या गंधाराला उत्तर देतेय. मी दाबला की ती तिथं यायची, मी खरवडायला लागलो की त्या खरखरीवर ठेका धरायची, आणि मी थांबलो की त्या एका सुराभोवती फिरून काहीतरी असं गुंफायची की बोळातली माणसं हसायला लागली. माझ्या कंटाळवाण्या कामाचं तिनं गाणं केलं होतं. मला राग आला. आणि राग ओसरल्यावर, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, मी पुन्हा मुद्दाम गंधार दाबला. ती काय करते ते बघायला.

मग ते रोजचंच झालं. कॉलेज सुटल्यावर ती यायची. भंगारवाल्याची हाळी, मंदिरातली घंटा, वळणावर अडकलेल्या रिक्षांचे हॉर्न, काहीही तिच्या भोपळ्यात जायचं आणि नाचत बाहेर यायचं. आणि तिचा आवाज तुटायचा नाही. एकदा मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. पावणेसहाला सुरू झालेली फुंकर सव्वासहा होऊन गेले तरी चालू होती. पेटीला भाता लागतो. हिचा भाता हिच्या गालात होता. साठेक वर्षं मी वाद्यांच्या संगतीत काढली. इतका पक्का दम मी कुणाचा ऐकला नव्हता.

ती थांबल्यावर मी विचारलं, "पोरी, श्वास कधी घेतेस?"

"घेते ना बाबा. पावरीला कळू देत नाय, एवढंच."

हळूहळू तिची माहिती कळली. हरसूलच्या पुढं डोंगरात पाडा. आईवडील द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडं मजुरीला. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, पंचवटीत मावशीकडं राहणारी. पावरी तिच्या आजानं बनवलेली. आजाला आता दमा, त्यामुळं फुंकर टिकत नाही.

"नवं भात आलं का आमच्याकडं नाच असतो," ती म्हणाली. "येत्या नाचाला मी वाजवणार हाय. आमच्या पाड्यावर बाईमाणसानं कधी वाजवली नाय. चार म्हातारे नाय बोलत होते. आजा त्यांना बोलला, डोळं मिटा आन् ऐका. मी वाजवतो का पोर वाजवती, ते सांगा."

"मग?"

"सांगता आलं नाय कोनाला. मग हो बोलले." एवढं बोलून तिनं पावरी ओढणीत गुंडाळली, लहान मूल गुंडाळावं तशी. "आजाच्याच पावरीवर वाजवायची, असं ठरलंय. तिचा आवाज समद्यांच्या पायाला माहीत हाय."

पायाला माहीत. हे शब्द मी ऐकले आणि सोडून दिले. नीट ऐकले असते तर पुढचं टळलं असतं.

चैत्रात ऊन तापलं. एके दिवशी ती माझ्या दुकानात आली. पहिल्यांदाच.

"बाबा, मेण हाय का? मधाच्या पोळ्याचं. लय नको, बोटभर. उन्हानं फुटलंय, हवा जाती."

माझ्याकडं मेण असतं. भात्याच्या शिवणीचा दोरा मेणवावा लागतो. मी डबी काढायला वळलो, आणि वळता वळता म्हणालो, "ठेवून जा. उद्या नीट करून देतो."

"नीट कशाला? मेणच लावायचंय."

"अगं, जन्म गेला माझा ह्याच कामात."

ती घुटमळली. मग दोन्ही हातांनी पावरी माझ्यापुढं धरली. "खाली नका ठेवू. टांगून ठेवा. आमच्यात टांगूनच ठेवतात, चुलीच्या वर."

मी ती खुंटीला टांगली. भोपळ्याला धुराचा वास होता, कितीतरी पावसाळ्यांचा. ती गेल्यावर मी दार लोटलं, पावरी उतरवली, मेण गरम करून सैल केलं आणि नळ्या बाहेर काढल्या.

इथं सांगायला हवं, की मी काय ऐकत होतो. एकाच सुराच्या दोन पट्ट्या पेटीत शेजारी असतील आणि त्यांच्यात किंचित फरक असेल, तर आवाजात लहर उठते. वॉंव-वॉंव अशी. पेटी लावणाऱ्याला ती लहर सहन होत नाही. आम्ही बसतोच ती घालवायला. उस्ताद म्हणायचे, लहर राहिली म्हणजे काम राहिलं. तिच्या पावरीच्या दोन जिभांमध्ये तशीच लहर होती. मी महिनोन्महिने ती ऐकून दात खात होतो. मला वाटायचं, बिचाऱ्या आजाजवळ हत्यारं नसतील, कान शिकलेला नसेल, जमेल तसं केलं असेल. एवढी गुणी पोर आणि वाद्य असं.

मी उस्तादांचं पातं काढलं. उतरलेल्या जिभेच्या टोकाला केसाएवढं लावलं. फुंकून पाहिलं. पुन्हा लावलं. दुपारभर हे चाललं होतं, जेवायचंही राहिलं. चारच्या सुमाराला लहर मंद झाली, मग आणखी मंद, मग नाहीशी. दोन्ही नळ्या एकजीव बोलल्या. पेटीतली कुठलीही पट्टी दाबा, पावरी तिच्याशी जुळत होती. नळ्या परत बसवल्या, मेण लावलं, बोटानं गुळगुळीत केलं. त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी जाताना पाव किलो जिलबी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिला पावरी दिली. पेटी उचलून बाहेर पायरीवर आणली. वरच्या मजल्यावर शिकवणी आहे, तिथली मुलं खाली आली होती. कुणीतरी फोन समोर धरला.

तिनं फुंकर मारली. थांबली. भोपळा कानाशी नेऊन हलवला, आत काही पडलंय की काय ते बघावं तसा. पुन्हा फुंकली. माझ्याकडं बघितलं. मी पेटीवर सूर धरून मान डोलावली. माणसं जमली होती. तिनं वाजवलं. मी साथ केली. गोड झालं. अगदी गोड झालं, आणि म्हणूनच कुणाच्या काही लक्षात आलं नाही. टाळ्या पडल्या. मी भर बोळात सगळ्यांना समजावून सांगितलं, सूर कसे वेगळे होते आणि मी कसे जुळवले.

"बरं हाय बाबा," ती म्हणाली. पावरी ओढणीत गुंडाळली आणि गेली. जाताना मला वाकून नमस्कार केला. व्हिडिओत तेही आहे.

तो व्हिडिओ गावभर फिरला. पुण्याहून भाच्याचा फोन आला. मंदिरात लोक थांबवून विचारायला लागले. 'पेटीवाल्या आजोबांनी दिला सूर' असं त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं. ती मात्र पायरीवर आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. परीक्षा असेल, मी म्हणालो. आठवडा गेला.

एका दुपारी वहिनी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात बांगड्यांचा डझन तसाच.

"मास्तर, काय केलंत हो तुम्ही त्या पोरीच्या भोपळ्याला?"

"सुरात आणला."

"तुम्ही आणलात सुरात, आणि ती त्या दिवशी माझ्या गल्ल्यामागं बसून रडली. म्हणाली, आजाचा आवाज गेला. आणि वर मलाच बजावलं, बाबांना बोलू नका, त्यांनी मायेनं केलंय." वहिनींचा आवाज चढला. "आठ दिवस गप्प बसले मी. मला जमत नाही ते, माहीत आहे ना तुम्हाला?"

मी काहीतरी उत्तर द्यायला गेलो. त्यांनी फोन पुढं केला. पौषातला, त्यांनी लेकीला पाठवायला घेतलेला व्हिडिओ. त्यात वहिनींचंच बोलणं जास्त होतं, पण मागं पावरी होती. तो संपल्यावर त्यांनी माझा तो प्रसिद्ध व्हिडिओ लावला. मग पुन्हा पहिला.

पहिल्यात आवाज हवेत उभा राहत होता. थरथरत होता, पुढं ढकलत होता, ऐकणाऱ्याला बसू देत नव्हता. दुसऱ्यात काय होतं? पेटी होती. एक माझ्या हातातली आणि एक तिच्या तोंडातली. जी लहर मी चूक समजून खरवडून टाकली, तिच्यावरच तो आवाज उभा होता. ज्यानं ती ठेवली त्यानं मोजून, कान लावून ठेवली होती. पितळेची पट्टी चुकली तर तिला टोकाशी कथलाचा डाग देऊन जड करता येतं, सूर परत उतरतो. बांबूची जीभ गेली की गेली. आणखी खरवडली तर ती बोलतच नाही.

तिनं फक्त मेण मागितलं होतं.

मी जायला दोन आठवडे लावले. रोज सकाळी पिशवी भरायचो आणि दुकान उघडायचो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मास्तर, एसटी तुमच्या बोळात येऊन हॉर्न देणार नाहीये." तेव्हा गेलो. त्र्यंबकवरून घाट उतरून हरसूल, तिथून जीप, मग डोंगराच्या कडेनं पायी. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून ती घरीच होती. मला पाहून तिचे हात थांबले. तिच्यापुढं सूप होतं, आणि सुपात बांबूच्या चिरफाळ्या. मी जवळ जाऊन पाहिलं. जिभा होत्या. पन्नास तरी असतील, सगळ्या बिघडलेल्या. दाढीच्या ब्लेडच्या पानानं कापत होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

आजा ओट्यावर बसला होता. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरा ठिपका. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. मेण मागितलं होतं इथपासून जिलबीपर्यंत. संपल्यावर आजा म्हणाला, "आन गं ती."

तिनं चुलीवरून पावरी काढून दिली. त्यानं एकच फुंकर मारली, तेवढाच दम होता. ऐकलं. खोकला आला, आणि खोकता खोकता तो हसायला लागला.

"मास्तर, ह्या दोन नळ्या म्हंजे नवरा-बायको. एक बोलतो, दुसरी जराशी वाकडं बोलती. तवा घर हाय असं वाटतं. दोघं एका सुरात बोलाय लागली का समजायचं, कोनतरी मेलंय घरात."

ती सुपावर वाकून हसली. मला हसू आलं नाही.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"भाकर खाऊन जा," तो म्हणाला. माफीचं एवढंच उत्तर मिळालं, आणि आजवर त्यात भर पडलेली नाही.

नागलीची भाकर आणि उडदाची आमटी खाताना तो सांगत होता. "जुन्या भोपळ्यात नवी जीभ बोलत नाय, नवीच पावरी करू; म्हाताऱ्यांना मी सांगतो. भोपळा काय, दर साली लागतो. मेण हाय, शिंग हाय. जीभ कापाया डोळं लागतात. माझं गेलं, हिचं हायेत. मी ऐकतो, ही कापती. पन नाचाला सात महिनं बी नाय ऱ्हायले. आन् ह्या पानानं काम व्हईना. धार हाय, पन थांबत नाय."

तिनं ताटावरून वर पाहिलं. "बाबा, तुमचं ते पातं लय बारीक चालतं. दुकानात बघितलंय मी. ते द्याल का?"

"देतो. मी इथं राहूनही दोन दिवस..."

"नाय," ती म्हणाली. "पातं द्या. कान तुमचे तुमच्यापाशी ठेवा."

हे ती चेष्टेनं बोलली, पण खरंच बोलली. मी चष्म्याचं घर काढून तिच्या हातात दिलं. उस्तादांचं पातं माझ्याकडून जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते योग्य हातात गेलं हे कळायला मला सात महिने लागले. निघताना आजानं जुनी पावरी माझ्या पिशवीत घातली. "ही घेऊन जा. पेटीसंगं बरी वाजंल." आता हा टोमणा होता की भेट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मार्गशीर्षात तिचा निरोप आला, वहिनींच्या फोनवर. आम्ही दोघंही गेलो. वहिनींनी पाड्यावरच्या सगळ्या पोरींसाठी बांगड्या घेतल्या होत्या, आणि वाटेत जीपवाल्याला तो गाडी कशी चुकीची चालवतो ते समजावून सांगत होत्या.

दुपार कलली होती. खळ्यावर भाताचा पेंढा एका बाजूला लोटलेला. पोरंपोरी एकमेकांच्या कमरेत हात घालून उभी होती. ते चार म्हातारे कडेला उकिडवे बसलेले, आजा त्यांच्यात. ती मधे आली. पावरी नवी होती. भोपळा अजून पिवळा, धूर न लागलेला. मी हात मांडीखाली दाबून बसलो.

तिनं फुंकर घेतली. आवाज आला आणि पहिले काही क्षण काहीच झालं नाही. ओळ उभीच. तो आजाचा आवाज नव्हता. हिच्या दोन नळ्यांतली लहर जलद होती, तरुण होती, धावणारी. एका म्हाताऱ्यानं मान हलवली, नाही अशी. ती थांबली नाही. गाल फुगलेले, डोळे ओळीतल्या पायांवर. तिनं तोच तुकडा पुन्हा घेतला, पुन्हा घेतला, जणू पायांना म्हणत होती, या, ओळखा, मी त्याच घरातली आहे. आणि ओळीच्या टोकाच्या एका पोराची टाच उठली. मग शेजारणीची. मग पूर्ण ओळ लाटेसारखी वाकली आणि फिरायला लागली.

नाही म्हणणारा म्हातारा सगळ्यात शेवटी उठला. पण उठला, आणि ओळीत शिरला.

आजा डोळे मिटून ऐकत होता. मी त्याच्याजवळ सरकलो. "तुमच्यासारखी झाली का?"

"माझी नाय ही," तो म्हणाला. "हिची हाय." आणि त्यानं छाती अशी काढली की दमेकरी माणसाला शोभू नये.

त्या वेळी मलाही अभिमान वाटला. तो वाटायचा हक्क मला नव्हता हे माहीत असूनही. पोटच्या पोरांच्या निकालाला मी इतका फुललो नव्हतो. ज्या मुलीचं एकुलतं एक वाद्य मी बिघडवलं, तिनं माझ्यासमोर, स्वतः कापलेल्या जिभांवर, उभं खळं हलवून दाखवलं होतं. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत तिची फुंकर तुटली नाही. वहिनी नाचल्या. त्याबद्दल मी काही लिहू नये अशी त्यांची आज्ञा आहे.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ती पायरीवर परत आली, नवी पावरी घेऊन. आता ऐकायला बोळ भरायचा. मोठ्या सभागृहांतून बोलावणी यायला लागली. जुनी पावरी मी दुकानात खुंटीला टांगली होती. लोक यायचे, विचारायचे, "हीच का ती, तुम्ही सूर दिलेली?" आणि मी हो म्हणायचो. खोटं नव्हतं ते, म्हणूनच बोलायला सोपं होतं. लोक तिच्यासोबत आणि माझ्यासोबत फोटो काढायचे. मग सत्कार झाला, आणि व्यासपीठावर मी गप्प बसलो. पहिली चूक अज्ञानानं झाली. दुसरी मी शाल पांघरून, शुद्धीवर असताना केली.

म्हणून हे लिहिलं. मंडळाला देण्याआधी परवा तिला वाचायला दिलं. दुकानातल्या बाकावर बसून तिनं सगळं वाचलं. ओठ हलत होते. वहिनी दारात उभ्या राहून "नाचल्याचं काढलं का?" असं दोनदा विचारून गेल्या.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "एक चुकलंय."

"सांग."

"मी रडले असं लिहिलंय. रडले नाय मी. राग आला व्हता. लय राग आला व्हता बाबा. तुमची पेटी उचलून गोदावरीत टाकावी इतका. म्हनून गल्ल्यामागं जाऊन बसले."

"वहिनी म्हणाल्या..."

"त्यांना वाटलं. मी मायेचं बोलले ते बी खरं हाय. राग पन खरा हाय. दोनी लिहा."

मी वरची ओळ खोडायला पेन घेतलं. तिनं हात धरला. "नका खोडू. तिथं ऱ्हाऊ द्या, इथं हे बी ऱ्हाऊ द्या." म्हणून दोन्ही ठेवलं आहे. तिच्या आणि वहिनींच्या बोलण्यात जे थोडं अंतर आहे ते मी बुजवलेलं नाही.

मग तिनं पिशवीतून स्वतःची पावरी काढली. भोपळा आता तांबूस झालाय. चैत्राचं ऊन यंदाही कडक आहे. नळीच्या कडेला मेण तडकलं होतं.

"मेण हाय का?"

मी डबी काढली आणि तिच्यापुढं ठेवली. ती बोटानं मेण मळत बसली. मी तिच्याकडं पाठ करून एका पेटीचा भाता उघडला.